फक्कीतलं माजघर

रावसाहेब,

तुझ्या फ्लेक्सवर तुला आर्किटेक्ट केलंय. बेलापुरात वेशीजवळ एक आणि श्रीरामपूरला तुझ्या ऑफिसच्या जिन्यापाशी एक, असे दोन लागले होते. दोन्हींत तू कोट घातलेला आहेस. कोट तुझा नाही. कुणाच्या तरी धडावर तुझं डोकं बसवलंय आणि मानेपाशी जोड दिसतो. खाली 'सुप्रसिद्ध आर्किटेक्ट' आणि दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. तुझी करुणा म्हणाली, "काका, पप्पा ड्राफ्ट्समन होते. बदलायला सांगू का?" मी म्हटलं, राहू दे, त्याला आवडलं असतं. खरंच आवडलं असतं. तो मानेचा जोड तेवढा तू सहन केला नसतास.

शोकसभेत भाषणं झाली. तू गोरगरिबांच्या स्वप्नांना आकार दिलास, असं एका पुढाऱ्यांनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या स्वप्नाला तू दिलेला आकार मला माहीत आहे. बंगल्यात 'कॉन्फरन्स रूम' पाहिजे म्हणून ते तुझ्याकडे अडून बसले होते आणि तू ती काढून दिलीस, लांबलचक, छताला पंख्यांची रांग असलेली. तिथे आता त्यांच्या मातोश्री शेवया वाळवतात, कारण एवढे पंखे दुसऱ्या कुठल्याच खोलीत नाहीत. हे तूच मला सांगितलं होतंस. भाषणात ते आलं नाही.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. आपलं बोलणं पहिल्यापासून भांडणाच्या वाटेनं जायचं, आणि माईकसमोर एकट्यानं भांडता येत नाही. पण एक भांडण अर्धवट राहिलंय. तुझा एक प्रश्न माझ्याकडे पडून आहे आणि माझ्या घरावर स्लॅब आलाय. खोल्यांना नावं काय द्यायची, हे आता मला एकट्याला ठरवायचं आहे.

नावांचा तुझ्या घराण्याचा अभ्यास जुना. आपल्या जिल्ह्यात गल्लीगल्लीत भाऊसाहेब, बाळासाहेब, नानासाहेब असतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे नुसते अधिकारीच जन्माला येतात. पण तुझ्या वडिलांनी, तात्यांनी, ते काम विचार करून केलं होतं. दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारा माणूस. पोरगा झाला तेव्हा म्हणाले, "गावाला आपल्या पोराला सायेब म्हणायला लावतो." आणि शाळेत घालताना रावसाहेब लिहिलं. हजेरी घेणाऱ्या सरांना ते रोज म्हणावं लागायचं. एक सर नुसतं 'राव' म्हणून पुढे सरकायचे, तर तू गप्प बसायचास. सर पुन्हा वर बघायचे. पूर्ण नाव आलं की मग उठून "हजर, सर." पाचवीतलं पोर. लिहिलेलं असलं की वाचावं लागतं, ही अक्कल तुला तेव्हाच आलेली होती. मला ती मराठी शिकवून निवृत्त होईपर्यंत आली नाही.

पाचवीतच आपलं इंग्रजी सुरू झालं. वर्गात घराचा एक तक्ता होता, आठवतो? उतरतं लाल छप्पर, त्यावर चिमणी, पोटमाळ्याची गोल खिडकी, आणि पपई कापल्यासारखं घर कापून आतल्या खोल्या दाखवलेल्या. प्रत्येकीखाली इंग्रजी नाव. सरांनी आपापल्या घराचं चित्र काढून आणायला सांगितलं आणि झाडून सगळ्या वर्गानं घराला चिमणी काढली. आपल्या माहितीतली चिमणी एकच, शुगर फॅक्टरीची. त्यामुळे एवढ्या एवढ्या घरांवर ही उंच, वर निमुळती होत गेलेली चिमणी. एकानं तर खाली उसाच्या गाड्यांची रांगही काढली होती. सर म्हणाले, "घरात गाळप करता का रे?"

मग तोंडी परीक्षा. घरात कोणकोणत्या खोल्या आहेत, इंग्रजीत सांगा. मी किचन म्हटलं आणि अडकलो. आमच्या माजघराला इंग्रजीत काय म्हणतात ते तक्त्यावर नव्हतं. तू उठलास आणि घडाघडा म्हणालास, किचन, डायनिंग रूम, बेडरूम, ड्रॉइंग रूम, स्टोअर रूम. वर्ग हसला. तुमचं घर सगळ्यांना माहीत होतं. सर म्हणाले, "तुझ्या घरात एवढ्या खोल्या?"

"आहेत सर," तू म्हणालास. "एकीतच आहेत."

मी आयुष्यात पुष्कळ वाचलंय. घराचं इतकं नेमकं वर्णन मला पुन्हा भेटलेलं नाही. खूप वर्षांनी, तुझ्या ऑफिसात, मी तुला त्याची आठवण करून दिली, तर तू म्हणालास, "आमच्या खोलीला नावच नव्हतं गुरुजी. एकच असली की नाव लागत नाही. दुसरी झाली की पहिलीला पण नाव ठेवावं लागतं." गुरुजी हे तू मला चिडवायला म्हणायचास. मी हायस्कूलला होतो, तिथे सर म्हणतात.

तू गेल्यापासून मी एक उद्योग धरलाय. तू काढलेल्या घरांत जातो. तुझ्याविषयी दोन शब्द बोलायला आलो असं सांगतो, आणि ते खोटंही नसतं. चहा होतो. माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, एखादी बाई डोळ्याला पदर लावते. मग मी हळूच विचारतो, घर बघू का? घर दाखवायला कोण नाही म्हणतं. तुझ्या नकाशातली नावं मला साधारण पाठ आहेत. त्या नावाखाली प्रत्यक्षात काय चालतं, ते बघायचं.

तर ऐक. बेडरूममध्ये सोयाबीनची पोती असतात. मास्टर बेडरूममध्ये जास्त असतात, कारण ती मोठी. मालक स्वतः पोर्चमध्ये खाटेवर झोपतात आणि पोर्च जिच्यासाठी केला ती गाडी बाहेर उन्हात. डायनिंग टेबलावर इस्त्रीचे कपडे, गोळ्यांच्या पट्ट्या, हेल्मेट. आणि टेबलाच्या शेजारी फरशीवर बसून घर जेवतं. गेस्ट रूमला कुलूप, पाहुणे घाण करतात म्हणून. बेलापूरच्या पुढे एका मळ्यात, तू 'ड्रेसिंग' लिहिलेल्या चिंचोळ्या जागेत करडू बांधलं होतं. मी काही बोलायच्या आत घरधनीण म्हणाली, "थंडी हाय ना ओ." मी म्हटलं, बरोबर आहे.

घोडेगावकडच्या एका घरात म्हातारी भेटली. तू नकाशा दाखवायला गेला होतास तेव्हा नातवानं तिला 'लिव्हिंग' म्हणजे राहायची खोली असं सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्या त्यांना इचारलं हुतं, साहेब, हितं ऱ्हायचं, मंग बाकीच्यात काय करायचं?" तू काय उत्तर दिलंस ते तिला आठवत नव्हतं. तू हसलास एवढं आठवत होतं.

हा सगळा पुरावा मी खरं तर तुझ्याविरुद्ध गोळा करत होतो. पाटी एक आणि माल दुसरा, हे सिद्ध करायचं होतं. पण हिंडता हिंडता एक गोष्ट लक्षात आली आणि ती तुझ्या बाजूची निघाली. हॉलमध्ये मात्र सगळीकडे हॉलच असतो. तिथे पोती नसतात, शेळी नसते. तिथे माणसं असतात, आणि कुणीही असतात. खतवाला बसलेला असतो, वायरमन बसलेला असतो, शेजारच्या वस्तीवरची बाई नातवाला घेऊन टीव्ही बघत असते. चपला दाराबाहेर काढल्या की झालं.

हेच तू म्हणायचास, आणि मी ऐकायचो नाही.

माझं म्हणणं तुला पाठ आहे. आपल्याकडे इतके सुंदर शब्द असताना हॉल कशाला? ओटा, ओसरी, माजघर, कोठी, देवघर, परसदार. शब्द उच्चारला की त्याबरोबर उजेड किती, गारवा किती, वास कसला, सगळं येतं. हॉल म्हटल्यावर काय येतं? सोफा. मी हे वर्गात शिकवलंय, व्याख्यानांत बोललोय, टाळ्या घेतल्यात. तू मान खाली घालून पट्टीनं रेघ मारत ऐकायचास आणि रेघ पुरी झाली की म्हणायचास, "झालं का?"

मग तुझं सुरू व्हायचं. "तुमचे शब्द वापरलेले असत्यात गुरुजी. त्यांच्यात कोण कुठपर्यंत यायचं ते आधीच बसलेलं असतं. इंग्लिश शब्द नवा कोरा. त्याच्यात अजून कोणी बसलेलंच नसतं, त्यामुळं कोणीबी बसावं."

मी म्हटलं, भ्रम आहे तुझा. इंग्रज साहेबांच्या घरातही नोकरांचा जिना वेगळा होता. तुझी ती ड्रॉइंग रूम, तिथे कुणी चित्रं काढत नव्हतं. जेवण झालं की बायका उठून ज्या आतल्या खोलीत निघून जायच्या, ती ती. मूळ विथड्रॉइंग रूम, बाजूला होण्याची खोली.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "म्हणजे तुमचं माजघरच की."

मला ते सुचलं नव्हतं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

"आणि त्यांची भानगड ती त्यांची," तू पुढे म्हणालास. "जहाजातनं येताना ती तिकडंच राहिली. शब्द तेवढा आला."

मी बंगल्याचं उदाहरण दिलं. हा शब्द इथलाच, साहेबांनी उचलला, कोट घालून परत आला आणि आपण त्याला सलाम करतो. तुला ते फार आवडलं. "मग बघ की. बाहेर जाऊन आला की इज्जत वाढती. घरात राहून काय मिळालं असतं त्याला?" त्या दिवशी तुझं हसणं थांबेना. चहावाला दोनदा डोकावून गेला.

हसणं ओसरल्यावर तू एक वाक्य बोललास. आवाज चढवला नाहीस, रेघही थांबवली नाहीस. "माझ्या आईनं तुमच्या घरातले दोनच शब्द वापरले, गुरुजी. अंगण आणि परसदार. बाकीचे तिनं नुसते ऐकले."

खरं होतं. तुझी आई आमच्याकडे धान्य पाखडायला, निवडायला यायची. सुपाचा आवाज अजून माझ्या कानात आहे, त्या आवाजावर मी अभ्यास केलाय. ती अंगणात बसायची. आतून कुणी काही बोललं की तिथूनच उत्तर द्यायची, कारण घरातलं सगळं तिला ऐकू यायचं. तिचा चहा बाहेर जायचा आणि तिचा कप बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. मला लहानपणी वाटायचं, मावशीला मोकळी हवा आवडते.

ते घर आता नाही. थोरल्या भावानं पाडून तिथे मॉड्युलर किचनवालं बांधलं आणि तेही तूच काढलंस. त्यामुळे माझ्या वाट्याला आली ती गावाबाहेरची मोकळी जागा आणि डोक्यात जुनी नावं. निवृत्तीनंतर बांधू म्हटलं. तुझ्याशिवाय कुणाकडे जाणार? मी अट घातली, नकाशावर नावं मराठीत पाहिजेत. तू म्हणालास, ग्रामपंचायत मंजूर करणार नाही. मी म्हटलं, ग्रामपंचायतीला मराठी येतं. तू म्हणालास, तीच तर अडचण आहे.

शेवटी तूच तोड काढलीस. "बारसं पोर झाल्यावर करत्यात, पोटात असताना न्हाई. कोऱ्या ठेवतो खोल्या. आधी राहा, मग नाव ठेव." माझ्याकडचा नकाशा तसाच आहे. सगळ्या खोल्या कोऱ्या, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान खोलीत तुझ्या त्या ऐटदार अक्षरांत 'लायब्ररी'. चिडवायला लिहिलं होतंस. पण खिडकी उत्तरेला ठेवलीस, पुस्तकांवर ऊन येऊ नये म्हणून, आणि टेबल कुठे येईल तिथे भिंतीत दिव्याची जागाही. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आभार मानायला हवे होते. मी म्हटलं होतं, लायब्ररी शब्द खोड.

फक्कीचा दिवस मात्र मला लिहायलाच हवा.

पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या भुकटीनं भिंतींच्या रेघा सोडतात, त्याला तुम्ही लोक फक्की म्हणता. बाकीचे फक्की मारतात, नारळ फोडतात आणि खणायला लागतात. तुझी पद्धत वेगळी. तू सगळ्या घराला बोलवायचास. स्टोव्ह आणायला लावायचास आणि घरच्या बाईला चुन्याच्या किचनमध्ये चहा करायला बसवायचास. म्हाताऱ्या माणसाला खाट टाकून बेडरूममध्ये आडवं करायचास. मग बघत राहायचास, कुणाचा हात कुठे पोचतो, कुणाला वळताना अडचण होते, आणि पायानं चुना पुसून रेघ सरकवायचास. नियम एकच. भिंत ओलांडायची नाही. कुणी ओलांडली की ओरडायचास, "भिंतीतनं आलात ओ. दारातनं या."

आणि प्रत्येक घर एकच वाक्य बोलायचं. आमची हीही तेच बोलली. मधल्या खोलीत उभी राहिली, चारी बाजूंच्या रेघांकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढीशीच?"

"भिंती उभ्या राहिल्या की वाढती वहिनी," तू म्हणालास.

"भिंतीनं खोली वाढती का कुठे?"

"वाढती. सगळ्यांची वाढली."

मी कारण विचारलं. तू म्हणालास, "काय की. पण वाढती." इतकी वर्षं घरं काढून तुला कारण माहीत नव्हतं आणि त्याची तुला खंतही नव्हती. मी नंतर पुस्तकांत शोधलं. सापडलं नाही. डोक्यावर अख्खं आभाळ असलं की खाली काहीही लहानच वाटणार, असं माझं मला वाटतं. तुला विचारायचं होतं.

मला मात्र दुसरंच खटकलं होतं. पुढचं दार आणि मधल्या खोलीचं दार तू एका रेषेत ठेवली होतीस. मी म्हटलं, अरे, अंगणात उभा राहिलेल्या माणसाला थेट आतलं दिसेल. तू म्हणालास, "दिसू दे." मी म्हटलं, असं कधी असतं का, मधली खोली जरा आडोशाला पाहिजे. तू म्हणालास, "का?" मी म्हटलं, कारण ते माजघर आहे.

तू माझ्याकडे बघितलंस. हातात चहाचा कप होता. मधल्या खोलीच्या दारातून बाहेर आलास, पुढच्या दारातून बाहेर पडलास, नियमाप्रमाणे, एकही रेघ न पुसता, आणि अंगणाच्या जागी जाऊन उभा राहिलास. तिथून हाक मारलीस.

"गुरुजी, ते माजघर असंल तर मी कुठपर्यंत येऊ?"

सगळे हसले. ही हसली, गवंडी हसला, तू तर हसतच होतास. मीही हसलो. ही म्हणाली, "या हो, चहा गार होतोय." तू दारातून आत आलास आणि किचनमध्ये बसून चहा संपवलास. वाऱ्यानं चुना उडत होता. मग पाणी कुठून घ्यायचं, विटा कुणाच्या, असं बोलणं निघालं.

मला उत्तर द्यायचं होतं. सुचलं असतं तर तिथेच दिलं असतं. 'कुठपर्यंतही ये' हे उत्तर नव्हतं, कारण ते परवानगीसारखं झालं असतं, आणि तू परवानगी मागत नव्हतास. तुला शब्दाबद्दल विचारायचं होतं. पायाचं काम चालू असताना आपण कितीदा भेटलो, प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचो, आज सांगू. मग सिमेंटचा विषय निघायचा. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि एका सकाळी करुणाचा फोन आला.

तुझ्या घरी आलो तेव्हा हॉल भरला होता. तो हॉल तू अवाढव्य केलास म्हणून मी तुला वर्षानुवर्षं हसलो. त्या दिवशी तो पुरला नाही. तू काढलेल्या घरांतली माणसं आली होती, मळ्यातली, पेठेतली, वस्तीवरची. जागा मिळेल तिथे बसली होती, खुर्चीवर, खाली, जिन्याच्या पायऱ्यांवर. कुणी कुणाला विचारत नव्हतं, कुठे बसू. जलदान विधीलाही तेच. बुद्धवंदना चालू होती आणि मी खांबाला टेकून तुझा सिद्धांत तपासत होतो. प्रसंग तसा नव्हता, पण तुला राग आला नसता.

त्याच दिवशी मी ठरवलं, हॉल लिहायचं. मधल्या खोलीला लिव्हिंग म्हणायचं. माजघर हा शब्द माझ्यापुरता वर्गात राहू दे. हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, मला ओट्याची उंची महत्त्वाची."

त्यानंतर स्लॅब टाकला, त्याखालचं फळ्या-टेकूंचं सेंट्रिंग निघालं. आणि परवा करुणाचा फोन, "काका, आजीला तुमचं घर बघायचंय. पप्पांचं शेवटचं घर म्हणते." तुझी आई आता फार कुठे जात नाही, माहीत आहे तुला. करुणानं गाडीतून आणलं. काठी टेकत वाळूच्या ढिगाला वळसा घालून ती दारापर्यंत आली आणि तिथे थांबली.

"येऊ का रं?"

"मावशी, विचारता काय."

खाली नुसता सिमेंटचा धुरळा होता, तरी तिनं चपला बाहेर काढल्या. पुढच्या खोलीत आली. भिंतीला हात लावून बघितलं. मी तयारीत होतो. म्हटलं, "मावशी, हा हॉल."

"हॉल तर आमच्यात बी हाय," ती म्हणाली. "रावसायबानं लई मोठा केलाय, कबड्डी खेळावं असा. झाडंस्तवर कंबार मोडती." मग इकडे तिकडे बघत म्हणाली, "तुमच्यात माजघर आसतं ना. ते कुटं हाय?"

मी करुणाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. आपल्या भांडणाची तिला चांगली कल्पना आहे, तिचं अर्धं लहानपण तुझ्या ऑफिसात ते ऐकण्यात गेलंय.

"ती मधली खोली आहे मावशी," मी म्हटलं. "तिला अजून नाव ठेवलेलं नाही."

"नाव काय ठिवायचं? मधी हाय तर माजघरच हाय ते."

"आजी, पप्पांना तो शब्द आवडत नव्हता," करुणा म्हणाली.

"त्याला न्हाई आवडत. त्यो हॉलवाला." ती चालायला लागली होती. "मला बघायचंय. तुज्या पणजीनं बी बघितलं न्हाई, म्या बी न्हाई. आतनं आवाज यायचा नुसता भांड्याचा. तवापासनं मनात हाय, ते आसतं तरी कसं."

रावसाहेब, आपण दोघं त्या शब्दावर किती वर्षं भांडलो. मी तो शब्द जपत होतो आणि तू तो टाकत होतास. ज्या बाईच्या नावानं तू भांडायचास, तिला काय पाहिजे ते आपल्यापैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं.

ती दारातून आत गेली. काठीनं फरशीच्या जागेचा अंदाज घेतला, चारी भिंतींकडे एकेक करून बघितलं. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, एवढीशीच? तसं नाही म्हणाली. "मोठी हाय की," म्हणाली. भिंती उभ्या राहिल्या की वाढते, ते खरं निघालं. टाइल्सची खोकी कोपऱ्यात रचली होती, त्यावर करुणानं ओढणी घडी करून टाकली आणि ती बसली. भिंतीला पाठ टेकली. पाय लांब केले. गवंड्याच्या पोरीनं चहा आणला, तो आम्ही तिघांनी तिथेच घेतला. तिनं बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश.

बशी खाली ठेवून तिनं मान वर केली. समोर मधलं दार, त्याच्या पुढे पुढचं दार, दोन्ही एका रेषेत, आणि त्यातून बाहेरचं लख्ख ऊन.

"हितनं अंगण आसं दिसतंय व्हय," ती म्हणाली.

आम्हीही बघितलं. वाळूचा ढीग होता, त्याला चाळण टेकवून ठेवली होती, आणि दाराबाहेर तिच्या चपला.